आणीबाणीतील वृत्तनियंत्रण, मुंबईतील (१९७५–७७)

अंतर्गत आणीबाणी २५ जून १९७५ रोजी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी, भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांपैकी ४८ व्या नियमान्वये, विवक्षित विषयांवरील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घेण्याचा हुकूम सुटला. मुंबईच्या बहुतेक दैनिकांनी त्यापुढे मान तुकविली, ही गोष्ट अपवादांच्या कौतुकात झाकली जाऊ नये.

पहिला प्रतिसाद थट्टेचा होता. २८ जूनच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त, लोकशाही नामक गृहस्थ २६ तारखेस निवर्तल्याची निधनवार्ता, सत्य ही पत्नी व स्वातंत्र्य हा पुत्र यांच्या नावांना ख्रिस्ती आडनावांचा वेष चढवून, पैसे भरलेल्या जाहिरातीच्या रूपाने छापून आली.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी ऑगस्ट १९७५ च्या अंकाचा मजकूर तपासनिसाकडे रीतसर धाडला आणि त्यातील बऱ्याच भागास मनाई होताच मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; त्यांची बाजू सोली सोराबजी यांनी मांडली. राज्यघटनेचे १९ वे कलम स्थगित असल्यामुळे भाषणस्वातंत्र्याच्या हक्काचा आधार उरलेला नव्हता. म्हणून हुकुमाने दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेतच तपासनिसाला बांधण्याची युक्ती अवलंबावी लागली, आणि तीच फळास आली. न्या. भट यांचा अनुकूल निकाल अपिलातही, १० फेब्रुवारी १९७६ रोजी, न्या. मादन व न्या. कानिया यांनी कायम केला : सरकारवरील सनदशीर टीका दडपणे हे तपासनिसाचे काम नव्हे.

दुर्गा भागवत यांनी मात्र कोणतीच आडवाट घेतली नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री असताना, त्यांनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला आणि मुंबईत जसलोक रुग्णालयात असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी सभेला प्रार्थना करावयास लावली. पुढील वर्षी त्यांना एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, म्हणजे अभ्यासाच्या बैठकीवरूनच, अटक होऊन सातरस्त्यालगतच्या आर्थर रोड तुरुंगात धाडण्यात आले. सुटकेनंतर, १९७७ च्या निवडणुकीत, त्यांनी काँग्रेसविरुद्ध उघड प्रचार केला; पु. ल. देशपांडे हेही त्या वेळी जनता पक्षाच्या व्यासपीठांवरून बोलत होते.