इंडियन रेसिंग लीग, २०२४ हंगाम

भारतातील सांघिक मोटार शर्यतींच्या लीगचा तिसरा हंगाम. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळ सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये कोइमतूर येथे संपला. विजेतेपद ‘गोवा एसेस जेए रेसिंग’ या संघाने मिळवले. संघाचा मालक चित्रपट अभिनेता जॉन अब्राहम. हंगामातली एकही फेरी मात्र गोव्यात झाली नाही, महाराष्ट्रातही नाही.

या लीगची मुळे २०१९ च्या ‘एक्स वन रेसिंग लीग’मध्ये आहेत. अरमान इब्राहिम आणि आदित्य पटेल या दोन चालकांनी क्रिकेटच्या आयपीएलसारखी शहरांच्या नावांची लीग मोटार शर्यतींत आणली. पहिल्याच वर्षी ती मुंबई फाल्कन्सने जिंकली. २०२२ पासून ‘इंडियन रेसिंग लीग’ सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता गॉडस्पीड कोची हा संघ ठरला. लीगच्या जोडीनेच फॉर्म्युला ४ च्या शर्यतीही भरतात. २०२४ साली माजी क्रिकेटपटू सौरव गांगुली कोलकात्याच्या संघाचा मालक म्हणून आला, तेव्हा क्रीडापानांवर शर्यतीपेक्षा मालकांचीच नावे मोठ्या अक्षरांत होती.

लीगची गाडी इटलीच्या वुल्फ कंपनीची ‘जीबी ०८ थंडर’. उघड्या कॉकपिटची आणि चाके बॉडीखाली झाकलेली, म्हणजे फॉर्म्युला गाडी नव्हे, तर स्पोर्ट्स प्रोटोटाइप. तिला एप्रिलिया मोटारसायकलीच्या घराण्यातले ११०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन बसवलेले असते. ताकद सुमारे २२० अश्वशक्ती आणि वजन ४०० किलोच्या आत. घरोघरच्या लहान मोटारीचे वजन याच्या दुप्पट आणि ताकद निम्म्याहूनही कमी असते, हे लक्षात घेतले की वळणावर चालकाच्या मानेवर काय ताण येत असेल याची कल्पना येते. सर्व संघांना हीच गाडी मिळते. त्यामुळे पैशाने वेग विकत घेता येत नाही. फरक पडतो तो चालकाच्या हातामुळे आणि टायर जपण्याच्या अकलेमुळे. प्रत्येक संघात एक महिला चालक असते आणि तिचे गुण संघाच्या बेरजेत इतरांइतकेच मोजले जातात.

पहिली फेरी इरुंगाट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर झाली. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभारलेला हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून वापरात आहे. त्याआधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत.

हंगाम गाजला तो दुसऱ्या फेरीमुळे. चेन्नईच्या आयलंड ग्राउंडभोवतीचे रोजच्या रहदारीचे रस्ते अडवून ३.५ किलोमीटरचा, १९ वळणांचा मार्ग आखला होता. नेपियर पूल त्यातच येतो. ही शर्यत खरे तर डिसेंबर २०२३ मध्येच व्हायची होती, पण मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेले आणि ती पुढे ढकलावी लागली. दरम्यान सरकारी पैशाच्या खर्चावरून मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाल्या. न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. ३१ ऑगस्टला पावसाने घोळ घातला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे प्रमाणपत्र न्यायालयाने दिलेल्या मुदतीत मिळेना, मुदत वाढवून घ्यावी लागली आणि गाड्या संध्याकाळनंतर ट्रॅकवर उतरल्या. १ सप्टेंबरला एक भटका कुत्रा ट्रॅकवर शिरल्याने फॉर्म्युला ४ ची शर्यत खोळंबली. काँक्रीटचे अडथळे, उंच जाळ्या, दिव्यांचा झगमगाट अशी सगळी जय्यत तयारी होती, फक्त कुत्र्याचा विचार कुणी केला नव्हता! रस्त्यावर प्रकाशझोतात रात्री झालेली भारतातली ही पहिली शर्यत.

पुढच्या टप्प्यात गाड्या पुन्हा इरुंगाट्टुकोट्टईला आणि शेवटी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेल्या. सुमारे २.१ किलोमीटरचा हा अरुंद ट्रॅक शर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. तिथे ओव्हरटेक करणे अवघड, म्हणून पहिल्या रांगेतली जागा महत्त्वाची. गोवा एसेसचा आधार होता राऊल हायमन. डर्बनमध्ये जन्मलेल्या या चालकाने २०१८ चे आशियाई फॉर्म्युला ३ विजेतेपद जिंकले होते.

संघांची शहरे ही केवळ नावापुरती, हा या लीगवरचा रास्त आक्षेप आहे. मोटार शर्यतींचा कणा आजही तमिळनाडूतच आहे. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट हा अपवाद, पण तिथली फॉर्म्युला वन तीन हंगामांत आटोपली. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकसारखी कार्टिंगची ठिकाणे आहेत. मोठ्या गाड्यांचा कायमचा ट्रॅक तेव्हा नव्हता.  राज्यातल्या शौकिनाला गोव्याचा विजय टीव्हीवर किंवा फॅनकोड ॲपवरच पाहावा लागला.

गोव्यातच शर्यत भरवण्याचा बेत २०२५ मध्ये पुढे आला. वास्कोजवळच्या बोगदा परिसराचे नाव निघताच तिथल्या रहिवाशांनी विरोध सुरू केला.