ताकोत्सुबो हृद्‌स्नायुविकार

तीव्र ताणानंतर हृदयाच्या डाव्या जवनिकेचे आकुंचन अचानक मंद करणारा, बहुधा काही आठवड्यांत ओसरणारा विकार. जपानमध्ये हिकारू सातो व सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास त्याचे वर्णन केले. बहुतेकदा जवनिकेचे टोक फुगते, तळ मात्र जोरात आकुंचन पावतो. सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया, त्यांतही बहुतेक रजोनिवृत्तीनंतरच्या असतात. अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोट स्नायूला बधिर करतो, हे स्पष्टीकरण सर्वाधिक पटणारे आहे. २००५ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तात या संप्रेरकांची पातळी हृदयविकाराच्या झटक्यातील रुग्णांपेक्षाही बरीच जास्त आढळली.

तरीही केवळ दुःखाच्या हकिगतीवरून निदान करणे धोक्याचे आहे. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतील १,७५० रुग्णांत शारीरिक कारणे भावनिक कारणांहून अधिक होती आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांत कोणतेच कारण सापडले नाही. छातीतील कळ, ईसीजीतील बदल व रक्तात वाढलेले ट्रोपोनिन हे हृद्‌स्नायूतील प्रथिन हृदयविकाराच्या झटक्यासारखेच असल्याने अँजिओग्राफी टाळता येत नाही. हृदयाच्या धमन्यांत अडथळा दिसला म्हणजे हा विकार नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण दोन्ही एकत्र असू शकतात. बिघाड एकाच धमनीच्या क्षेत्रापलीकडे पसरलेला असणे, ही खरी खूण. आपोआप बरा होतो म्हणून त्याला सौम्य समजणेही चूक, कारण सुरुवातीच्या दिवसांत हृदयजन्य शॉकने मृत्यू ओढवू शकतो.