परवानगी देणाऱ्यांचा इतिहास : सेलू, सोलापूर आणि १९३८ चे साल

१/
परदेशातील युद्धात वा आपत्तीत मदतीला धावून गेलेल्या तरुणांची नावे इतिहास जपून ठेवतो. त्यांना निरोप देणाऱ्या आई-वडिलांची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक ‘जा’ म्हणणे हीदेखील एक कृती आहे आणि तिची किंमत बहुधा घरालाच मोजावी लागते. १९३८ च्या पावसाळ्याअखेरीस सोलापुरातील एका घराने हा शब्द उच्चारला. त्यानंतर काही आठवड्यांतच मराठवाड्यातील अनेक घरांवर तो न विचारताच येऊन पडला. या दोन्ही प्रसंगांचा हा मागोवा.

२/
प्रारंभ सेलूपासून करणे सोयीचे. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मनमाड-परभणी लोहमार्गावर वसले आहे. १९३८ साली सेलू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई-पुण्याकडे जाणारा प्रवासी येथून मीटरगेज गाडीने मनमाडला पोहोचे आणि तेथे मोठ्या गाडीत बसे. या वाटेत केवळ गाडी बदलत नसे, राज्यही बदलत असे. संस्थानाचे नाणे वेगळे, टपालाचे तिकीट वेगळे, कायदा वेगळा.

३/
म्हणून ‘परदेश’ या शब्दाचा अर्थ सेलूच्या पालकाला नकाशापेक्षा अनुभवातून अधिक कळत होता. मुलगा शिकायला पुण्याला वा नागपूरला गेला, तरी तो दुसऱ्या राजवटीत गेलेला असे. तो तेथे कोणत्या सभांना जातो, कोणती वर्तमानपत्रे वाचतो, परतताना सामानात काय आणतो, या साऱ्याची काळजी घरात असे. सरहद्द ओलांडणारे मूल आणि तिच्या अलीकडे थांबलेले पालक, हे चित्र या प्रदेशाला नवे नव्हते.

४/
आता सरहद्दीपलीकडील सोलापुराकडे वळू. गिरण्यांचे हे शहर ब्रिटिश हद्दीत होते. १९३० च्या मे महिन्यात येथे मार्शल लॉ लागू झाला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या काळी सोलापुरात मुले वाढवणाऱ्या प्रत्येक पालकाला एक गोष्ट उमगली होती : उंबरठ्याबाहेर पडलेला तरुण परत येईलच, असे गृहीत धरता येत नाही.

५/
याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव शांताराम. घर निम्न मध्यमवर्गीय, भावंडांत दोन भाऊ आणि पाच बहिणी. द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीला लागले. एवढ्या मोठ्या कुटुंबात डॉक्टर झालेला मुलगा म्हणजे केवळ अभिमानाचा विषय नसतो. तो घराचा उद्याचा आधार असतो.

६/
दरम्यान ७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनवर मोठे आक्रमण सुरू केले. चिनी सेनानी चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. त्यातून २२ हजार रुपयांचा निधी आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली. अलाहाबादचे डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस असे पाच जणांचे पथक ठरले. स्वतः पारतंत्र्यात असलेला देश दुसऱ्या पीडित देशाला डॉक्टर पाठवत होता.

७/
पथकात नाव देण्यापूर्वी द्वारकानाथांनी घरी विचारले. त्यांच्या बहिणीने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, कुटुंबाला चीनविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. दारावर चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढीच काय ती त्या देशाची ओळख. जेथे मुलगा बॉम्बवर्षावाखाली काम करणार होता, त्या देशाची घराला असलेली सारी माहिती रेशमाच्या एका गठ्ठ्यात मावत होती.

८/
वडिलांनी उत्तेजन दिले. मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आईला अतिशय दुःख झाले. या दोन प्रतिक्रियांना ‘धीराचे वडील’ आणि ‘हळवी आई’ अशा साच्यात बसवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. वडिलांचा होकार आईच्या दुःखाला पुसून टाकत नाही आणि आईचे दुःख म्हणजे नकार नव्हे. निरोप देणाऱ्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदतात, पुष्कळदा एकाच माणसाच्या मनात.

९/
सप्टेंबर १९३८ च्या आरंभी ‘राजपुताना’ या आगबोटीने पथक मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोहोचले. तेथून हँकौ, इचांग आणि मग चुंगकिंग, असा त्यांचा प्रवास माघार घेणाऱ्या चिनी फौजांच्या मागोमाग होत गेला. शहरे एकामागून एक जपानच्या हाती पडत होती. ‘मुलगा चीनमध्ये आहे’ यापलीकडे तो नेमका कोठे आहे, हे घराला निश्चित कळणे या परिस्थितीत अवघडच होते.

१०/
आता पुन्हा संस्थानात यावे लागते, कारण त्याच सुमारास तेथील पालकांपुढेही प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. हे लोण उस्मानिया विद्यापीठापर्यंत आणि इतर गावांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. मोठ्या संख्येने विद्यार्थी काढून टाकण्यात आले.

११/
यांतील पुष्कळ जण सोळा ते वीस वर्षांचे होते. संस्थानातील शिक्षणाची दारे बंद झाल्यावर नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. सरहद्द ओलांडून नागपुरास गेलेल्या त्या मुलांत सतरा वर्षांचे पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. द्वारकानाथांनी घरी विचारले होते. वसतिगृहातील मुलांना विचारायला सवडच मिळाली नाही. त्यांच्या आई-वडिलांना परवानगी द्यायची नव्हती, घडून गेलेल्या गोष्टीच्या पाठीशी उभे राहायचे होते.

१२/
कोटणीसांच्या घरावर खरा आघात झाला तो १९३९ च्या आरंभी. पथक येनानकडे निघण्याच्या तयारीत असताना चुंगकिंगमध्ये द्वारकानाथांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. तो स्वीकारला असता तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी पुढे जायचे ठरवले. ज्यांनी ‘जा’ म्हटले होते, ते आता ‘परत ये’ म्हणण्यासाठीही उरले नव्हते. घरी मात्र वडिलांचे जाणे आणि मुलाचे न येणे, ही दोन्ही दुःखे एकाच वेळी आली.

१३/
त्यानंतरचा भाग अधिक परिचित आहे. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे सदस्य एकेक करून मायदेशी परतू लागले. कोटणीस आणि बसू राहिले. आठव्या मार्ग सेनेबरोबर कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. पथकातील पाचही जणांनी आपल्या चिनी नावात ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर घेतले होते.

१४/
१९४१ च्या अखेरीस त्यांनी तेथील परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. याच काळात हाँगकाँग जपानकडे गेले आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ताही तुटला. सोलापूर आणि त्या डोंगराळ रुग्णालयामधील अंतर आता मैलांत मोजण्यासारखे राहिले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. वय ३२ वर्षे; मुलगा अवघ्या साडेतीन महिन्यांचा.

१५/
डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांच्याकडील माहितीच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट आला. शांताराम यांनी स्वतः कोटणीसांची भूमिका केली. देशाला एक नायक मिळाला. घराला मुलाची हकीकत मिळाली, मुलगा नव्हे.

१६/
सेलूकडे परतल्यावर हाच प्रश्न तिसऱ्या रूपात दिसतो. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्याबाहेर राहिले. रझाकारांच्या जुलमामुळे असंख्य कुटुंबे शेजारच्या जिल्ह्यांत आश्रयाला गेली. उमरखेडसह सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या आणि मराठवाड्यातील तरुण तेथे जमले. तेथील सारेच काम सेवेचे नव्हते. सशस्त्र प्रतिकारही होता. मागे राहिलेल्या आई-वडिलांना मुलाच्या नावाची वाच्यता करणेही धोक्याचे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हा कालखंड संपला.

१७/
मदत घेणाऱ्याच्या बाजूने पाहण्याची वेळही मराठवाड्यावर आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद परिसरात हजारो बळी घेतले. देश-परदेशांतून माणसे धावून आली. अशा प्रसंगी कोणते हात उपयोगी पडतात, हे ढिगाऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी कळते. हाड बसवणारा डॉक्टर हवा असतो, पाण्याची व्यवस्था लावणारा हवा असतो. नुसत्या सदिच्छेने आलेल्या माणसाची जेवणाची व राहण्याची सोय मात्र आपद्ग्रस्त गावालाच करावी लागते.

१८/
आज एखाद्या किशोरवयीन मुलाने वा मुलीने परदेशी सेवाप्रवासाचा अर्ज घरी आणला, तर १९३८ चे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलते. चीनला पथक गेले ते तेथून मागणी आल्यावर. जाणारे प्रशिक्षित डॉक्टर होते. ते तेथील यंत्रणेच्या शिस्तीत राहून काम करत होते. उलट, अलीकडच्या काळात काही देशांत पाहुण्या स्वयंसेवकांच्या देणग्यांसाठी मुलांना अनाथालयांत ठेवल्याचे प्रकार उघड झाले आहेत. तेव्हा ‘मूल सुरक्षित राहील का’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे : ‘कोणी बोलावले आहे, आणि तेथे याच्या हातून नेमके काय होणार आहे?’

१९/
याचा अर्थ सोळाव्या वर्षी घरी बसावे, असा नाही. वसतिगृहातील मुलांनी त्याच वयात आपल्या भूमीवर मोठी जोखीम पत्करली होती. परंतु परक्याच्या दुःखात हात घालण्यासाठी हाताला काही येत असावे लागते. द्वारकानाथांच्या शिक्षणाची वर्षे आणि त्यासाठी घराने सोसलेली ओढाताण हीच त्यांच्या सेवेची पहिली पायरी होती. त्या अर्थाने मुलाने परवानगी मागण्यापूर्वीच आई-वडील त्या कार्यात सामील झालेले होते.

२०/
कोटणीसांची समाधी चीनमधील शिज्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे. तेथेच बेथ्यून यांचीही आहे. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. भारतभेटीवर येणारे चिनी नेते पुढील कित्येक दशके कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत राहिले. डॉक्टर एकटा आला नव्हता, त्याला एका घराने पाठवले होते, हे ज्यांना मदत मिळाली त्यांनी ओळखले. सोलापुरातील त्यांच्या स्मारकापुढे उभे राहताना द्वारकानाथांबरोबर शांताराम कोटणीस आणि त्या माउलीचेही स्मरण व्हावे.