हुतुतू, चेडुगुडू आणि मैदानाची माती

वांकिडीहून राजुऱ्याकडे निघाले की जो खेळ हुतुतू, तोच आसिफाबादकडे वळले की चेडुगुडू. राजुरा तालुका १९५६ साली आदिलाबाद जिल्ह्यातून निघाला, वांकिडी राहिली, आणि २०१६ पासून ती कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. नकाशे बदलले, पण एका दमात शत्रूच्या अंगणात शिरून परत येण्याची ओढ दोन्ही भाषांत एकच राहिली. या खेळाच्या लोकप्रियतेचा इतिहास आपण कौतुकाने सांगतो. खेळाडूच्या हाडामांसाचा इतिहास मात्र सांगायचा राहून जातो.

गावोगावच्या हुतुतूला नियमांत बसविण्याचे काम मुख्यतः महाराष्ट्रात झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात त्याचा पाया घातला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. शंकरराव साळवी यांनी तर या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

या नियमांकडे नीट पाहिले तर त्यांत देहाची काळजी दिसते. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबू नये, गळा धरू नये, पायांची कात्री घालू नये, नखे कापलेली असावीत. हे शिष्टाचार नव्हेत. कुणाचा तरी श्वास कोंडला असेल, कुणाचा डोळा ओरबाडला असेल, तेव्हा कुठे अशी कलमे लिहिली जातात.

साता समुद्रापलीकडचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो दांडगाईचा खेळ आहे, त्यात १९०५ च्या एकाच हंगामात किमान १८ तरुण दगावले. खेळावर बंदीच घालावी, असा गलबला झाला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा देऊन घोळक्याने घोळक्यावर तुटून पडण्याची गरज कमी करण्यात आली. खेळ वाचला, नव्हे, अधिकच लोकप्रिय झाला. पण दुखणे संपले नाही. २००२ साली माइक वेबस्टर या नामांकित खेळाडूचा मृत्यू झाला. बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षांच्या धक्क्यांचा परिणाम २००५ साली जगापुढे मांडला. हाड मोडलेले दिसते. मेंदूची इजा दिसत नाही, एवढे तरी त्यातून कळले.

आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हुतुतू घराघरांतील पडद्यावर आला. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हैदराबादेत विजेतेपद मिळविले. या स्पर्धेत प्रेक्षकांसाठी वेग वाढविण्यात आला: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. रंगत वाढली हे खरे. पण गाठ पडते ती घोट्याची आणि गुडघ्याची. साखळी करून आलेले तिघे जण एका माणसावर पडले की सारा भार त्याच्या वळलेल्या पायावर येतो.

पडद्यावरचे वीर मॅटवर खेळतात, त्यांच्याजवळ वैद्य उभा असतो. आपली पोरे मात्र तीच डुबकी आणि तीच घोट्याची पकड मुरमाड जमिनीवर करून पाहतात. त्यांना खेळू नका म्हणावे काय? मुळीच नाही. मॅट परवडत नसेल, पण जुन्या नियमांनी सांगितलेले मैदान सपाट आणि मऊ असते: माती, शेणखत, लाकडाचा भुसा. आपल्या सीमाभागात यांतली कोणती वस्तू दुर्मीळ आहे? स्पर्धेच्या आदल्या दिवशी खडे वेचावेत, नखे तपासावीत, आणि डोके आपटलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा चढाईला पाठवू नये. ढालीपेक्षा हा खर्च स्वस्त आहे. पोरगा हुतुतू म्हणो की चेडुगुडू, दम संपण्याआधी तो मध्यरेषेवर परत यावा, आणि सामना संपल्यावर आपल्या पायांनी घरी जावा.