संवादिनी
स्वरपट्ट्या आणि भाता असलेले एक वातवाद्य. बाजाची पेटी, पेटी वा हार्मोनियम या नावांनीही ते ओळखले जाते. भात्यातील हवेच्या दाबाने धातूच्या पत्त्या कंप पावतात व स्वर निर्माण होतो. फ्रान्समध्ये 1840 च्या सुमारास आलेक्सांद्र दबें याने हार्मोनियम हे वाद्य घडविले. भारतात त्यास हाताने चालविण्याच्या भात्याचे आटोपशीर रूप मिळाले.

महाराष्ट्रात या वाद्याचा प्रसार मुख्यतः संगीत रंगभूमीमुळे झाला. नाटकातील पदांच्या साथीस पेटी व पायपेटी (ऑर्गन) रूढ झाल्या. ‘मानापमान’ (1911) नाटकाचे संगीतकार गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी संवादिनीस स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

संवादिनीविषयीचा वाद तिच्या स्वरजुळणीतून उद्भवला. आधुनिक पियानोप्रमाणे प्रचलित पेटीतही सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. कोणताही स्वर आधार मानून वादन करता येणे, हा या व्यवस्थेचा लाभ होय. बेथोव्हनच्या ‘एम्परर’ या पियानो कन्चेर्तोचा (1809) पहिला भाग इ-फ्लॅट मेजर, तर दुसरा बी मेजर या दूरच्या स्वरश्रेणीत आहे. असे पालट समान स्वरांतरांमुळे सुकर होतात. रागसंगीतात मात्र षड्ज अचल असतो व इतर स्वर तंबोऱ्याच्या नादाशी ताडून पाहिले जातात. सप्तकाचे 1,200 सूक्ष्म भाग कल्पिल्यास नैसर्गिक शुद्ध गंधार सुमारे 386 व्या भागी येतो, तर पेटीवरील गंधार 400 व्या. हा फरक जाणकार कानास खटकतो. शिवाय पट्ट्यांवर मींड काढता येत नाही.

या उणिवेवर उपाय म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला. बडोदे येथील संगीत परिषदेत (1916) त्यावर चर्चा झाली. परंतु ते वाद्य रूढ झाले नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये संवादिनीवर बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरांचाही या वाद्यास विरोध होता. नभोवाणीची दारे बंद झाल्याने अनेक वादकांची कला श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा एक मोठा मार्ग खुंटला. ही बंदी 1971 पासून शिथिल झाली.

दरम्यान मैफली, कीर्तन, भजन व रंगभूमी यांतून संवादिनी टिकून राहिली. पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर (1934–2018) यांनी कणस्वर, भात्यावरील नियंत्रण आणि बोटांची चपळता यांच्या बळावर गायकी अंगाचे वादन विकसित केले. बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी तयार करून देवलांच्या काळातील प्रश्न पुन्हा हाती घेतला. वाद्याची मर्यादा सर्वमान्य असली, तरी तीवर मात करण्याच्या प्रयत्नांतूनच महाराष्ट्रातील संवादिनीवादनाची स्वतंत्र परंपरा घडली.