फॉरवर्ड आधी, तपास नंतर: टीडब्ल्यूए ८००

हेडफोन लावलेत? आज जाऊया १९९६ मध्ये. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण फॉरवर्ड होता. ईमेलवर.

१७ जुलै, संध्याकाळ. न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं बोइंग ७४७ उड्डाणानंतर बारा मिनिटांत लाँग आयलंडजवळ समुद्रावर फुटलं. २३० माणसं होती आत. एकही वाचलं नाही. दोन दिवसांनी अटलांटा ऑलिम्पिक सुरू होणार होतं, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच शब्द आला: बॉम्ब.

त्यात किनाऱ्यावरच्या लोकांनी आकाशात वर चढणारी प्रकाशाची रेघ पाहिलेली. एक-दोघांनी नाही, अडीचशेहून जास्त जणांनी. मग काय, क्षेपणास्त्र! आणि ते कोणाचं, तर म्हणे अमेरिकन नौदलाचंच.

नोव्हेंबरमध्ये कमाल झाली. पिएर सॅलिंजर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडींचे माध्यम सचिव आणि नंतर टीव्हीचे नावाजलेले पत्रकार, यांनी जाहीर केलं की नौदलाने विमान पाडल्याचा कागद माझ्याकडे आहे. तो कागद म्हणजे इंटरनेटवर कित्येक आठवडे फिरत असलेला मजकूर निघाला. तुमच्या फॅमिली ग्रुपवरच्या काकांना हसण्याआधी हे लक्षात ठेवा.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढे. ते साक्षीदार खोटं बोलत नव्हते. विमानाचा पुढचा भाग आधी तुटून पडला आणि उरलेलं जळतं विमान काही क्षण उडतच राहिलं. लोकांना दिसली ती हीच आग. शिवाय हिशोब करा: पंधरा किलोमीटरवरून आवाज यायला चाळीस सेकंदांहून जास्त लागतात. धडाका ऐकून मान वर केली, तेव्हा स्फोट कधीच होऊन गेलेला.

हे लोकांना शांतपणे कोण सांगणार? अपघाताचा तपास एनटीएसबीचा, पण घातपाताचा संशय म्हणून एफबीआयही मैदानात. साक्षीदारांशी एफबीआय बोललं, आणि एनटीएसबीला बराच काळ त्यापासून लांब ठेवलं. वर सीआयएने बनवलेलं अ‍ॅनिमेशन टीव्हीवर आलं. अपघातात सीआयए कशाला, असं कोणीही विचारणारच ना! अफवा विझवायला गेले आणि रॉकेल ओतून आले.

अवशेषांवर स्फोटकांचे सूक्ष्म अंशही सापडले होते. ते आले कुठून हे शोधण्यात वेळ गेला, पण स्फोटकाने धातू जसा फाटतो तशी खूण एकाही तुकड्यावर नव्हती. तरी २००० साली क्षेपणास्त्र डागून ते लांबून कसं दिसतं याची चाचणी घ्यावीच लागली. आमच्याकडे क्लायंट 'सर्व्हर हॅक झालाय' म्हणतो, तेव्हा बग सापडला तरी हॅक न झाल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. तसंच.

दरम्यान समुद्रतळातून जवळपास ९५ टक्के विमान काढून हँगरमध्ये तुकडा-तुकडा जोडलं गेलं. ऑगस्ट २००० मध्ये निष्कर्ष आला. पंखांच्या मधली इंधनटाकी जवळजवळ रिकामी होती. तिच्याखालचे एसी जमिनीवर बराच वेळ चालू राहिले, उरलंसुरलं इंधन तापून वाफ झाली आणि वाफेने पेट घेतला. ठिणगी बहुधा वायरिंगमधल्या शॉर्टसर्किटची. हा 'बहुधा' अहवालात प्रामाणिकपणे लिहिलाय, आणि अफवावाले आजही त्यालाच लटकून आहेत. २०१३ मध्ये तपास पुन्हा उघडा म्हणून अर्ज आला. एनटीएसबीने तो वाचला, तपासला आणि २०१४ मध्ये फेटाळला. म्हणजे पुन्हा वर्षभराचं काम!

टाक्यांतली वाफ पेटूच नये असा नियम अमेरिकेत आला २००८ मध्ये. टाकीत नायट्रोजनचं प्रमाण वाढवून ऑक्सिजन कमी ठेवायचा. तुम्ही आज नव्या विमानात बसलात, तर बहुतेक तुमच्या सीटखाली हेच चालू असतं.