सर्व्हरची जागा संपली? नवी डिस्क जोडण्याआधी हे वाचा

निकाहाच्या नोंदी, शाळेचे दाखले, जुन्या कागदांचे स्कॅन. जमातीच्या किंवा शाळेच्या सर्व्हरमध्ये हे साठत जातं आणि एक दिवस जागा संपते. नुसती नवी डिस्क लावून काम होत नाही.

अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी ती मांडली. रेड-५ मध्ये ४ टीबीच्या ३ डिस्क असतील तर वापरायला ८ टीबी मिळतात. उरलेल्या जागेमुळे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो. चौथी जोडली की १२ टीबी होतात.

आधी बॅकअप घ्या. मग जुन्या डिस्क तपासा, कारण जागा वाढवताना त्यांच्यावर ताण येतो. दोन बिघडल्या तर सगळंच गेलं. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको. लिनक्सवर एमडीएडीएमने ती जोडून अ‍ॅरे वाढवतात. डेटा नव्याने वाटला जायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. शेवटी फाइल सिस्टीमही वाढवा, नाहीतर जागा जुनीच दिसेल.

रत्नागिरीच्या पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून यूपीएस हवाच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. अशा पाण्यात सगळ्या डिस्क एकदमच बुडतात. म्हणून आम्ही सांगतो: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवाच.